अंध माशाचा प्रकाश आणि मधमाशीचे घड्याळ : कार्ल फॉन फ्रिश यांचे जीवन

आपल्या वसतिगृहात ज्यांनी काही वर्षे काढली आहेत, त्यांना पहाटेची घंटा आठवत असेलच. नवा विद्यार्थी पहिल्या आठवड्यात त्या घंटेने दचकून उठतो, दुसऱ्या आठवड्यात कुरकुरत उठतो आणि महिना-दीड महिना झाला की घंटा वाजण्याच्या आधीच त्याचे डोळे उघडतात. सुट्टीत घरी गेल्यावरही ठरल्या वेळी जाग येते, अशी तक्रार अनेक पालकांनी आमच्याजवळ हसत हसत केली आहे. घरात घंटा नाही, खोलीत अंधार आहे, तरी शरीराला वेळ कळते. ती कशी कळते, हा प्रश्न एका विद्यार्थिनीने वर्गात विचारला, तेव्हा आम्हांस उत्तर देता आले नाही. आम्ही इतिहासाचे शिक्षक. उत्तर शोधता शोधता आमची गाठ पडली ती ऑस्ट्रियातील एका प्राणिशास्त्रज्ञाशी. त्यांचे नाव कार्ल फॉन फ्रिश. त्यांच्या आयुष्यातील एक प्रकरण तर विज्ञानाचे नसून, आम्ही रोज शिकवतो त्या इतिहासाचेच आहे, हे ध्यानात आल्यावर या स्मरणिकेसाठी त्यांचेच चरित्र लिहावे असे आम्ही ठरविले.

कार्ल फॉन फ्रिश यांचा जन्म २० नोव्हेंबर १८८६ रोजी व्हिएन्ना येथे झाला. वडील अंटोन हे नामांकित शल्यचिकित्सक. आई मारी ही एक्सनर घराण्यातील. हे घराणे विद्याव्यासंगासाठी प्रसिद्ध होते. आईचे वडील फ्रान्झ एक्सनर हे तत्त्वज्ञ असून ऑस्ट्रियातील शिक्षणव्यवस्थेच्या सुधारणेत त्यांचा वाटा होता. मामा सिगमंड एक्सनर हे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक; कीटकांच्या संयुक्त नेत्रांवरील त्यांचे संशोधन जगभर वाखाणले गेले. चार भावांतील कार्ल हे धाकटे. वोल्फगांग सरोवराकाठी ब्रुनविंकल येथे या कुटुंबाची एक जुनी गिरणी होती. ती त्यांनी उन्हाळ्यातील मुक्कामासाठी घेतली होती. तेथे पाण्याकाठी तासन् तास पडून राहून लहानगे जीव न्याहाळणे हा या मुलाचा छंद. घरातही त्याने पक्षी, मासे, सरडे, कीटक असे शंभराहून अधिक जातींचे प्राणी पाळले. आईने हा पसारा सहन केला, इतकेच नव्हे तर त्याला उत्तेजन दिले. मुलाच्या हातून पुढे काही घडावे असे वाटणाऱ्या पालकांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

वडिलांच्या इच्छेनुसार कार्ल यांनी १९०५ मध्ये वैद्यकशास्त्राला प्रवेश घेतला. मात्र त्यांचे मन रोग्यांत रमेना. काही सत्रांनंतर त्यांनी वैद्यक सोडले आणि म्युनिकला रिचर्ड हेर्टविग यांच्याकडे प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले. १९१० मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते हेर्टविग यांचे सहायक झाले. मासे आपल्या त्वचेचा रंग कसा बदलतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

येथेच आपल्या विषयाला आरंभ होतो. युरोपातील ओढ्यांत आढळणारा मिनो नावाचा बोटभर लांबीचा मासा गडद तळावर गेला की काळवंडतो आणि फिकट तळावर गेला की फिकट होतो. त्वचेतील रंगपेशींमधील रंगकण पसरले की रंग गडद होतो, आकसले की फिका पडतो. तळाचा रंग मासा डोळ्यांनी पाहतो, हे उघडच होते. परंतु दृष्टी नष्ट केलेल्या माशांचा रंगही बदलतो, असे फ्रिश यांना दिसून आले. उजेडात ठेवलेला अंध मासा गडद होई, अंधारात नेला की फिका पडे. डोळे नसताना प्रकाश कोणाला कळत होता? या माशाच्या डोक्यावर, दोन डोळ्यांच्या मध्ये, त्वचेवर एक फिकट ठिपका असतो. त्या ठिपक्याखाली मेंदूला लागून पिनियल ग्रंथी असते. फ्रिश यांनी प्रकाशाचा बारीक झोत नेमका त्या ठिपक्यावर सोडला. मासा गडद झाला. ठिपक्यावर सावली धरली, तर फिका पडला.

पिनियल ग्रंथी हाच या माशाचा तिसरा डोळा, असे म्हणून थांबणे सोपे होते. फ्रिश थांबले नाहीत. त्यांनी ती ग्रंथी काढून टाकली आणि पुन्हा तोच प्रयोग केला. रंग तरीही बदलला. याचा अर्थ, केवळ ग्रंथीच नव्हे, तर तिच्या आसपास मेंदूच्या आत खोलवर असलेल्या काही पेशींनाही प्रकाश कळतो. १९११ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा फ्रिश अवघे चोवीस वर्षांचे होते. कवटीच्या आत बंद असलेला मेंदू स्वतः प्रकाश ओळखू शकतो, ही कल्पना त्या काळी विलक्षण होती. पुढे त्यांचे विद्यार्थी एर्न्स्ट शारर यांनी १९२८ मध्ये अंध मिनो माशांना प्रकाश पडताच अन्न मिळेल अशी सवय लावून दाखविली आणि गुरूच्या निष्कर्षाला पुष्टी दिली. फ्रान्समध्ये जाक बेन्वा यांनी १९३० नंतरच्या दशकात बदकांवर प्रयोग केले. दिवस मोठा झाला की बदकांची प्रजननेंद्रिये वाढू लागतात. हा बदल घडविणारा प्रकाश डोळ्यांखेरीज थेट मेंदूलाही कळतो, असे त्यांनी दाखवून दिले.

हा भाग वर्गात सांगताना आमची एकदा कोंडी झाली. माशांची दृष्टी नष्ट करणे आपल्या पहिल्या शीलात बसते का, असे एका मुलीने विचारले. प्रश्न रास्त होता आणि तो टाळणे आम्हांस योग्य वाटले नाही. बसत नाही, असेच आम्ही सांगितले. त्या काळच्या प्रयोगशाळांमध्ये प्राण्यांच्या वेदनेचा विचार फारसा होत नसे. आज अशा प्रयोगांसाठी नैतिक समितीची परवानगी लागते आणि तसे बंधन असणे आवश्यकच आहे. ज्ञान मिळाले म्हणून ते मिळविण्याचा मार्ग आपोआप शुद्ध ठरत नाही. फ्रिश यांनी पुढील आयुष्यात मात्र आपले बहुतेक प्रश्न मोकळ्या माळावर, स्वेच्छेने येणाऱ्या-जाणाऱ्या मधमाश्यांना विचारले, हेही सांगितले पाहिजे.

मधमाश्यांकडे ते वळले त्याला एक वाद कारणीभूत झाला. म्युनिकमधील प्रसिद्ध नेत्रतज्ज्ञ कार्ल फॉन हेस यांनी मासे आणि कीटक रंगांध असतात असा सिद्धान्त मांडला होता. फुलांना रंग उगाच आहेत, हे फ्रिश यांना पटेना. त्यांनी राखाडी छटांच्या अनेक कार्डांमध्ये एक निळे कार्ड ठेवले आणि निळ्यावरच्या बशीत साखरेचे पाणी दिले. काही वेळाने सर्व बश्या रिकाम्या केल्या, कार्डांच्या जागा बदलल्या, तरी मधमाश्या निळ्यावरच गोळा झाल्या. रंग त्यांना दिसत नसता, तर तेवढ्याच उजळ राखाडी कार्डाशी त्यांची गल्लत झाली असती. तरुण सहायकाने प्रतिष्ठित प्राध्यापकाचे मत खोडून काढले, आणि तेही दोन पैशांच्या कागदी कार्डांनी. आपल्यासारख्या साध्या शाळांतील शिक्षकांना या गोष्टीचा विशेष आनंद वाटावा.

पहिल्या महायुद्धात दृष्टी अधू असल्याने ते सैन्यात गेले नाहीत. व्हिएन्नातील ज्या रुग्णालयात त्यांचे बंधू ओटो शल्यचिकित्सक होते, तेथे त्यांनी जंतुपरीक्षेची प्रयोगशाळा उभारली. तेथेच परिचारिका म्हणून काम करणाऱ्या मार्गारेट मोर यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि १९१७ मध्ये विवाह झाला. युद्धानंतर रोस्टॉक, ब्रेस्लाऊ आणि १९२५ पासून म्युनिक येथे ते प्राध्यापक झाले. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने म्युनिकला प्राणिशास्त्राची नवी संस्था उभी राहिली. तेथे स्त्री-संशोधकांना जागा होती, ज्यू सहायकांना जागा होती. त्या काळच्या जर्मनीत ही साधी गोष्ट नव्हती.

याच काळात मधमाशीच्या घड्याळाचा शोध लागला. स्विस शास्त्रज्ञ ऑगस्ट फोरेल यांनी पूर्वीच एक निरीक्षण नोंदविले होते. त्यांच्या घराच्या गच्चीवर न्याहारीच्या वेळी मुरंब्यावर मधमाश्या येत आणि टेबलावर काही नसले तरी नेमक्या त्याच वेळी हजर होत. फ्रिश यांच्या विद्यार्थिनी इंगेबोर्ग बेलिंग यांनी हे प्रयोगाने तपासले. मधमाश्यांवर रंगाच्या ठिपक्यांनी खुणा करून त्यांना दिवसाच्या ठरावीक तासांतच साखरपाणी दिले. नंतर एक दिवस काहीच दिले नाही. त्याच माश्या त्याच वेळी रिकाम्या बशीपाशी आल्या. सूर्य पाहून येत असतील, अशी शंका होती. म्हणून बंद खोलीत, अखंड एकसारख्या उजेडात आणि एकसारख्या तापमानात प्रयोग झाला. निकाल तोच. पुढील काळात मिठाच्या खाणीत खोलवर पोळे नेऊन पाहिले, तरी तोच. मात्र एकोणीस तासांनी अन्न मिळेल अशी सवय माश्यांना काही केल्या लागली नाही. चोवीस तासांचीच लय त्यांना उमगत होती. बेलिंग यांनी आपले निष्कर्ष १९२९ मध्ये प्रसिद्ध केले. घड्याळ बाहेर नव्हते. ते माशीच्या आत होते आणि त्याचा फेरा चोवीस तासांचा होता.

आता आम्ही त्या प्रकरणाकडे येतो, ज्यासाठी इतिहासाच्या शिक्षकाने ही लेखणी उचलली.

१९३३ मध्ये जर्मनीत नाझी पक्ष सत्तेवर आला. त्याच वर्षी केलेल्या कायद्याने सरकारी नोकरांना आपली वंशशुद्धता सिद्ध करणे भाग पडले. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी माणसाचे नागरिकत्व त्याच्या आजी-आजोबांच्या रक्तावर ठरविले. फ्रिश यांच्या आईची आई ही ज्यू कुटुंबात जन्मलेली होती. कुटुंब पिढ्यान् पिढ्या कॅथलिक पंथाचे होते, पण कायद्याला श्रद्धेशी देणेघेणे नव्हते. त्याला जन्म हवा होता. विद्यापीठातील काही नाझी सहकारी त्यांच्या मागे लागले होतेच. ज्यू सहायकांना आणि स्त्रियांना ते थारा देतात, हाही त्यांच्यावरील आक्षेप होता. कागदपत्रे धुंडाळली गेली आणि १९४१ च्या आरंभी त्यांना कळविण्यात आले की ते चतुर्थांश ज्यू ठरले असून त्यांना पदावरून दूर करण्यात येईल. तीस वर्षांचे संशोधन एका बाजूला, कागदावरील एक अपूर्णांक दुसऱ्या बाजूला. आणि पारडे अपूर्णांकाचे जड ठरले.

ज्या समाजाच्या कित्येक पिढ्यांचे आयुष्य जन्माच्या एका शब्दाने ठरविले गेले, ज्यांच्या पूर्वजांना पाणवठा आणि पाठशाळा त्या एका शब्दाने बंद केली, त्या समाजाला ही गोष्ट फोड करून सांगावी लागत नाही. जर्मनीने जे काही वर्षांच्या कायद्याने केले, ते येथे शतकानुशतकांच्या धर्मशास्त्राने केले. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता : माणसाची किंमत त्याच्या कर्तृत्वाने ठरवायची की कुळाने?

फ्रिश वाचले. पण कसे वाचले, हे नीट पाहिले पाहिजे. त्याच सुमारास नोसेमा नावाचा आतड्याचा रोग मधमाश्यांमध्ये पसरला आणि जर्मनीतील पोळी मोठ्या संख्येने मरू लागली. मधमाश्या नाहीत तर परागीभवन नाही. परागीभवन नाही तर फळबागा आणि तेलबिया नाहीत. युद्धकाळात अन्नाची चिंता मोठी होती. फ्रिश यांच्या मित्रांनी आणि हितचिंतकांनी हा मुद्दा पुढे केला. अन्नखात्याला त्यांची गरज भासली आणि त्यांची बडतर्फी युद्ध संपेपर्यंत पुढे ढकलण्यात आली. रद्द झाली नाही. फक्त पुढे ढकलली गेली. न्यायाने त्यांना वाचविले नाही, मधमाश्यांच्या रोगाने वाचविले. आणि ज्यांच्या हाती असे उपयोगी ज्ञान नव्हते, असे सुमारे साठ लाख ज्यू स्त्री-पुरुष आणि मुले मारली गेली. उपयोगी आहे म्हणून जगू दिले जाणे आणि माणूस आहे म्हणून जगण्याचा हक्क असणे, यांतील अंतर या एका चरित्रात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते. फ्रिश यांच्या सुटकेचा आनंद मानताना आम्ही हे अंतर विसरू इच्छित नाही.

युद्धात बाँबहल्ल्यांनी म्युनिकमधील त्यांचे घर नष्ट झाले आणि संस्थेची मोठी हानी झाली. ते ब्रुनविंकलला आले. माश्यांना हव्या त्या पिकाकडे वळविता येईल का, या सरकारी कामाच्या निमित्ताने त्यांनी मधमाश्यांचे नृत्य पुन्हा निरखायला घेतले. १९२० च्या सुमारास त्यांनी या नृत्याचा अर्थ लावला होता : गोल नृत्य मधुरसासाठी, शेपूट हलवीत केलेले नृत्य परागासाठी. आता १९४४ आणि १९४५ च्या उन्हाळ्यांत त्यांच्या ध्यानात आले की हा अर्थ चुकीचा होता. गोल नृत्य अन्न जवळ असल्याचे सांगते. शेपूट हलविण्याचे नृत्य दूरच्या अन्नाचे अंतर आणि दिशा सांगते. उभ्या पोळ्यावर माशी सरळ वर नाचली तर सूर्याच्या दिशेने जावे. जितक्या कोनात कललेली नाचली, तितका कोन सूर्यापासून धरावा. वीस वर्षे जगाने मान्य केलेले आपलेच मत त्यांनी आपल्याच हाताने खोडले. चूक कबूल करण्याचे हे धैर्य आमच्या दृष्टीने शोधाइतकेच मोठे आहे.

परंतु सूर्य तर सतत सरकतो. मग त्याच्यावरून दिशा कशी धरायची? येथे नृत्य आणि घड्याळ एकत्र आले. फ्रिश यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर हे शेतकरी कुटुंबातील. युद्धात जखमी होऊन परतलेल्या या तरुण सैनिकाने फ्रिश यांचे एक व्याख्यान ऐकले आणि त्याच्या आयुष्याची दिशाच बदलली. लिंडाउअर यांना दिसले की पोळ्याच्या अंधारात तासन् तास नाचणारी माशी सूर्य न पाहताच आपल्या नृत्याचा कोन हळूहळू बदलत जाते. सूर्य आता कोठवर आला असेल, हे तिचे आतले घड्याळ तिला सांगत असते. मॅक्स रेनर यांनी १९५५ मध्ये पॅरिसमधील बंद खोलीत ठरावीक वेळेची सवय लावलेल्या मधमाश्या विमानाने न्यूयॉर्कला नेल्या आणि तशाच खोलीत ठेवल्या. न्यूयॉर्कच्या घड्याळाची पर्वा न करता, शेवटच्या जेवणानंतर बरोबर चोवीस तासांनी माश्या अन्नाकडे आल्या. त्या अद्याप पॅरिसच्या वेळेवर जगत होत्या.

युद्धानंतर काही वर्षे ग्राझ येथे काढून फ्रिश १९५० मध्ये म्युनिकला परतले आणि १९५८ मध्ये निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना युनेस्कोचे कलिंग पारितोषिक मिळाले. सामान्य वाचकांपर्यंत विज्ञान पोहोचविणाऱ्यांसाठी असलेले हे पारितोषिक ओडिशाचे बिजू पटनायक यांच्या देणगीतून सुरू झाले. ज्या भूमीवरील रक्तपात पाहून सम्राट अशोकाने तलवार खाली ठेवली, त्या भूमीचे नाव धारण करणारा सन्मान वंशद्वेषाच्या युद्धातून वाचलेल्या माणसाला मिळावा, ही घटना आम्हांस अर्थपूर्ण वाटते. १९७३ मध्ये कोन्राड लोरेन्झ आणि निकोलास टिनबर्गन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा त्यांचे वय शहाऐंशी वर्षे होते. १२ जून १९८२ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी उघडलेले दार पुढे इतरांनी रुंद केले. सस्तन प्राण्यांचे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या चेता जेथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या किंचित वर, पेशींच्या एका इवल्याशा पुंजक्यात असते, हे १९७२ मध्ये कळले. १९९८ मध्ये बेडकाच्या त्वचेतील रंगपेशींमध्ये मेलॅनॉप्सिन हे प्रकाश ओळखणारे द्रव्य सापडले. फ्रिश यांनी आरंभ केला होता तोही रंगपेशींपासूनच. पुढे हेच द्रव्य सस्तन प्राण्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावरील मोजक्या पेशींमध्ये आढळले. या पेशी मुख्यतः चित्र पाहण्यासाठी नाहीत. दिवस आहे की रात्र, हे त्या मेंदूतील घड्याळाला कळवितात. म्हणूनच, दृष्टी गेलेल्या ज्या व्यक्तींमध्ये या पेशी शाबूत राहतात, त्यांचे शरीर सकाळ ओळखू शकते. माशांच्या आणि पक्ष्यांच्या मेंदूला कवटीतून प्रकाश कळतो. आपल्याला मात्र या कामी डोळ्यांवरच अवलंबून राहावे लागते.

तेव्हा त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर असे : घंटा आपल्या मेंदूत वाजते आणि ती रोज जुळवून देते सकाळचे ऊन. रात्री उशिरापर्यंत डोळ्यांसमोर प्रखर उजेड ठेवला, तर ते घड्याळ मागे पडते. किशोरवयात ते मुळातच थोडे उशिराने चालते, म्हणून पहाटे उठताना जड जाणाऱ्या मुलाला आळशी ठरविण्यापूर्वी पालकांनी आणि आम्हां शिक्षकांनीही थोडे थांबावे. आम्ही स्वतः या बाबतीत अनेकदा कठोर झालो आहोत, हे येथे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. ज्या माजी विद्यार्थ्यांना आमचे पहाटेचे शब्द अजून आठवत असतील, त्यांची आम्ही क्षमा मागतो.

आपल्या शाळेच्या दारातून आत येणाऱ्या मुलाला आपण कोणाचा, असे कोणी विचारत नाही. तो पुढे किती उपयोगी ठरेल, यावरही त्याचे येथील स्थान अवलंबून नाही. तो माणूस आहे, एवढा दाखला पुरेसा आहे. कार्ल फॉन फ्रिश यांच्या काळातील राज्यकर्त्यांना हे कळले नाही. ते पुढच्या प्रत्येक पिढीला नव्याने शिकविण्यासाठीच ही शाळा आहे.